पंचशील कुठे सापडतो?

नमस्कार, श्रोतेहो.

तह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरंदर, सालबाई आणि वसई उभे राहतात, कारण ते नावानिशी आणि सनावळीसकट आपण शाळेत पाठ केलेले असतात. आजच्या काळातले आंतरराष्ट्रीय करार मात्र वर्तमानपत्रातल्या मथळ्यांतूनच आपल्याला ठाऊक होतात, आणि मथळ्यातले नाव हे बहुधा कराराचे खरे नाव नसते. शोधणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते.

युद्धकाळात चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणारे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे चीनचा विषय इथल्या विद्यार्थ्यांना परका वाटत नाही, म्हणून भारत आणि चीन यांच्यातल्या पंचशील कराराचेच उदाहरण घेऊ. ‘पंचशील’ हा शब्द घेऊन करारांच्या सूचीत शिरलात, तर हाती काही लागण्याची शक्यता कमी आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये सह्या झालेल्या त्या कराराचे शीर्षक चीनच्या तिबेट प्रदेशाचा भारताशी चालणारा व्यापार आणि दळणवळण यांविषयीचे आहे. शांततेने एकत्र नांदण्याची ती पाच प्रसिद्ध तत्त्वे, म्हणजेच पंचशील, त्याच्या प्रास्ताविकात येतात आणि पुढची कलमे व्यापारी ठाणी, यात्रेकरू व घाटवाटा यांबद्दल बोलतात. म्हणून शोध नावावरून न घेता सहीची तारीख आणि करार करणारे देश यांवरून घ्यावा. या कराराच्या हिंदी, चिनी आणि इंग्रजी अशा तिन्ही प्रती सारख्याच अधिकृत आहेत, त्यामुळे एखाद्या शब्दावर अडलात तर हिंदी प्रत काढून पाहणे हा आपल्यासाठी मोठाच आधार आहे. शेवटचे कलमही जरूर वाचावे. कराराची मुदत आठच वर्षांची होती आणि ती जून १९६२ मध्ये संपली, ही गोष्ट भाषणांतून सहसा सांगितली जात नाही.

हे कागद मिळतात कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०२व्या कलमानुसार सदस्य देशाने केलेला प्रत्येक करार सचिवालयात नोंदवावा लागतो आणि सचिवालय तो प्रसिद्ध करते. न नोंदवलेल्या कराराचा आधार त्या देशांना संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे घेता येत नाही. त्यातून तयार झालेली करारमाला आज संगणकावर विनामूल्य पाहता येते. त्याआधीच्या काळासाठी राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) करारमालेचे २०५ खंड आहेत. भारताने केलेले करार आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही शोधता येतात.

मजकूर हाती आला म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. सही होणे, मान्यता देणे आणि अंमल सुरू होणे या तीन निरनिराळ्या घटना आहेत. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता दिलेली नाही. उलट महिलांविषयीच्या भेदभावाविरुद्धच्या कराराला १९९३ मध्ये मान्यता दिली, ती काही कलमांपुरती आपली वेगळी भूमिका नोंदवून. ती नोंद मूळ मजकुरात दिसत नाही. ती कोणत्या देशाने केव्हा काय केले याच्या तक्त्यात दिसते. तो तक्ता कराराची मूळ प्रत सांभाळणाऱ्याकडे असतो, आणि सांभाळणारे दर वेळी संयुक्त राष्ट्रेच असतात असे नाही.

आता सोलापूरजवळच्या आपल्या नान्नजच्या माळरानाकडे वळू. तिथल्या माळढोक या दुर्मिळ पक्ष्याला लागू पडणारा स्थलांतरित वन्यप्राण्यांविषयीचा करार जून १९७९ मध्ये बॉन इथे झाला आणि त्याची मूळ प्रत जर्मन सरकारकडे असते. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे ठेवलेल्या करारांच्या यादीत तो शोधत बसलात तर दिवस वाया जाईल. करार सापडला तरी १९७९च्या मजकुरात माळढोक नाही! त्याचे नाव पहिल्या परिशिष्टात, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत, घालण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला भरलेल्या सदस्य देशांच्या सभेत झाला आणि परिशिष्टांतले बदल सभेनंतर ९० दिवसांनी लागू होतात. परिशिष्टाची ताजी प्रत न पाहता केलेले विधान म्हणूनच धोक्याचे असते.

याहून मोठा धोका तारखांच्या योगायोगाचा आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्यही १९७९ चेच. दोन्ही साले जुळलेली पाहून ‘बॉन करारामुळे अभयारण्य झाले’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु त्या कराराचा अंमल नोव्हेंबर १९८३ मध्ये सुरू झाला, आणि माळढोकाच्या शिकारीवरची बंदी ज्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून आली तो १९७२ चा, म्हणजे कराराच्याही सात वर्षे आधीचा. करार पाळण्यासाठी देशभराकरिता कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २५३व्या कलमाने संसदेला दिला आहे. तो अधिकार एखाद्या प्रसंगी खरोखर वापरला गेला की नाही, हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकात आणि राजपत्रात पाहूनच ठरवावे लागते.

नमस्कार.