चूल विझली, निखारे राहिले: अणुवीज समजून घेताना

नमस्कार मंडळी.

चुलीवर स्वयंपाक होणारं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच आठवेल. रात्रीच्या भाकऱ्या झाल्या की जळती लाकडं बाहेर ओढायची आणि त्यांवर पाणी शिंपडायचं. जाळ गेला, पण चूल काही गार झालेली नसायची. आत लालबुंद निखारे असायचे. माझी आजी त्यांवर राख सारून ठेवायची. पहाटे राख बाजूला करून फुंकणीने चार फुंकरा घातल्या की त्याच निखाऱ्यांवर चहाचं आधण चढायचं.

आज अणुऊर्जेबद्दल बोलायचंय आणि ही चूल मला शेवटपर्यंत लागणार आहे. अणुभट्टी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बॉम्बसारखी फुटेल का?" नाही फुटणार. वीज बनवणाऱ्या अणुभट्टीतलं इंधन त्या प्रतीचं नसतं. खरी काळजी निखाऱ्यांची आहे.

(स्क्रीनवर: युरेनियमच्या अणूचं साधं रेखाचित्र)

आधी जाळ कसा लागतो ते पाहू. युरेनियम-२३५ च्या अणुगर्भावर एक न्यूट्रॉन आदळला की तो दुभंगतो. त्यातून उष्णता आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढचे अणू फोडतात आणि साखळी सुरू होते. त्या उष्णतेने पाणी उकळायचं, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनने जनित्र. टर्बाइनपासून पुढे चंद्रपूरचं औष्णिक केंद्र आणि तारापूरचं अणुवीज केंद्र यांच्यात फारसा फरक नाही.

फरक आहे तो सरपणात. १००० मेगावॉटच्या कोळशाच्या केंद्राला आपला भारतीय कोळसा दिवसाला साधारण १५ हजार टन लागतो. म्हणजे रोज चार मालगाड्या. तेवढ्याच क्षमतेच्या, समृद्ध युरेनियमवर (म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेल्या इंधनावर) चालणाऱ्या अणुभट्टीला अख्ख्या वर्षाला २५ ते ३० टन इंधन पुरतं. राख नाही, धूरही नाही. खाणीपासून बांधकामापर्यंतचं सगळं धरून हिशेब केला, तर हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४ च्या अहवालात एका युनिट विजेमागे कोळशाचा कार्बन सुमारे ८२० ग्रॅम आहे आणि अणुऊर्जेचा सुमारे १२ ग्रॅम. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या लोकांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. त्यांच्या अंगणात राख पडते.

आणि ही वीज रात्रंदिवस मिळते. गोव्याच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या, कारवारजवळच्या कैगा केंद्राचं पहिलं युनिट मे २०१६ ला सुरू झालं, ते ३१ डिसेंबर २०१८ ला थांबवलं. सलग ९६२ दिवस! तेव्हा तो जागतिक विक्रम होता. हे जमलं, कारण आपल्या जड पाण्याच्या (ज्या पाण्यात साध्याऐवजी जड हायड्रोजन असतो, त्या पाण्याच्या) भट्ट्यांमध्ये भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवं इंधन ढकलता येतं आणि दुसऱ्या टोकाने वापरलेलं काढता येतं. चालत्या चुलीत लाकूड सारावं, तसंच.

आता निखारे.

अणू फुटला की त्याचे जे तुकडे होतात, ते स्वतः अस्थिर असतात. ते किरणोत्सार करत राहतात आणि त्यातून उष्णता निघत राहते. न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे खाली सोडले की साखळी दोन-चार सेकंदांत थांबते, जाळ गेला. पण त्या क्षणीसुद्धा भट्टीच्या एकूण उष्णतेपैकी सहा-सात टक्के उष्णता चालूच असते. दिवसाभरानंतर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो ना? १००० मेगावॉट वीज देणारी भट्टी आतून सुमारे ३००० मेगावॉट उष्णता तयार करते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. घरातले दोन किलोवॉटचे साडेसात हजार गिझर एकाच भांड्यात चालू आहेत, आणि ते बंद करायचं बटणच नाही. भट्टी बंद करून पूर्ण दिवस उलटल्यावरची ही गोष्ट आहे! पाणी फिरत राहिलं तर काही होत नाही. पाणी थांबलं तर इंधन वितळतं.

(थोडा विराम)

मी या विषयावर वाचायला बसले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ थांबले ती नरोऱ्याच्या गोष्टीपाशी. उत्तर प्रदेशात गंगेकाठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनचा सुमार. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. प्रचंड वेगाने फिरणारं यंत्र तोल जाऊन थरथरलं, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. आग केबलींवरून धावत सुटली. भट्टी बंद केली, ती झालीही. पण केबली जळाल्यामुळे केंद्राची सगळी वीज गेली. डिझेल जनित्रं जागेवर होती, पण त्यांची वीज पंपांपर्यंत न्यायची कशातून? मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही केबली एकमेकींना लागून गेल्या होत्या, दोन्ही जळाल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला, तिथून माणसांना बाहेर पडावं लागलं.

बाहेर अंधार, आत निखारे.

तिथल्या कर्मचाऱ्यांनी काय केलं? आग विझवण्यासाठी थेट डिझेलवर चालणारे पंप होते, ते सुरू केले आणि ते पाणी वाफ बनवणाऱ्या भांड्यांकडे वळवलं. काही जण हातात बॅटऱ्या घेऊन भट्टीच्या वरच्या मजल्यांवर चढले आणि हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं, साखळी चुकूनही परत सुरू होऊ नये म्हणून. केंद्र सतरा तास विजेविना होतं. इंधन वितळलं नाही. त्यानंतर आपल्या केंद्रांमध्ये मुख्य आणि पर्यायी केबली वेगळ्या वाटांनी न्यायची व्यवस्था झाली.

त्या रात्रीच्या माणसांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात नाहीत. असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाला हेच घडलं, फक्त शेवट वेगळा झाला. भूकंप होताच भट्ट्या बंद पडल्या, अगदी नियमाप्रमाणे. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली, तळघरातली डिझेल जनित्रं बुडाली, पाणी फिरायचं थांबलं आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. दीड लाखाहून जास्त माणसांनी घरं सोडली. किरणोत्साराच्या माऱ्याने तिथे कुणी तडकाफडकी गेलं नाही. पण विस्थापनाच्या ओढाताणीत, रुग्णालयं रिकामी करताना, निवाऱ्यांमध्ये दोन हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यांत बहुतेक म्हातारी माणसं होती. हे मरणही त्या अपघाताच्याच खात्यात धरलं पाहिजे.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्याच घराण्यातल्या. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या रचनेच्या, पाणी थेट भट्टीतच उकळणाऱ्या. १९६९ मध्ये त्यांची वीज सुरू झाली आणि भारत अणुवीज बनवणारा देश झाला. २१० मेगावॉटच्या होत्या, पुढे १६० वर आणल्या, आणि २०२० साली मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. शेजारच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये आल्या. त्या आपल्या रचनेच्या, जड पाण्याच्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. अणुऊर्जेच्या फायद्या-तोट्याच्या यादीत ही दोन नावं क्वचितच दिसतात, म्हणून इथे घेतली.

आता एक प्रश्न. तारापूर समुद्राकाठी, कुडनकुलम समुद्राकाठी, कल्पाक्कम समुद्राकाठी, जैतापूर ठरलं तेही समुद्राकाठी. का?

कारण भट्टीतल्या उष्णतेची जेमतेम एक तृतीयांश वीज होते. उरलेली दोन तृतीयांश कुठेतरी टाकावी लागते. नरोऱ्यासारख्या ठिकाणी डमरूच्या आकाराचे मोठाले मनोरे असतात. त्यांतून निघतो तो धूर नसतो, ती पाण्याची वाफ असते. समुद्र असला की ती उष्णता समुद्रात सोडता येते.

(स्क्रीनवर: राजापूर तालुक्याचा नकाशा, माडबन आणि साखरी नाटे ठळक)

जैतापूर प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. अशी एक भट्टी आतून सुमारे ४५९० मेगावॉट उष्णता तयार करते. गुणाकार-वजाबाकी तुम्हीही करून पाहा: सहाही पूर्ण ताकदीने चालल्या तर साडेसतरा हजार मेगावॉटहून जास्त उष्णता समुद्रात जाईल. चंद्रपूरचं अख्खं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉट वीज बनवतं. त्याच्या सहापट.

प्रकल्पाशेजारच्या साखरी नाटे गावातला मच्छीमार विचारतो की कोमट पाण्याने मासळी लांब गेली तर मी काय करू, तेव्हा त्याला "अडाणी", "विकासविरोधी" म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार केलेला नसतो. तो माणूस उष्णतेचं गणितच विचारतोय. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्यात प्रकल्पविरोधी आंदोलनावेळी पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. प्रश्न विचारण्याची एवढी किंमत पडायला नको होती.

शिवाय खर्च. याच फ्रेंच रचनेची भट्टी फ्रान्समध्येच फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. २०१२ ला वीज मिळणार होती, मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. ३.३ अब्ज युरोचा अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. ज्यांनी ही रचना केली त्यांच्या घरी ही स्थिती, तर आपल्या वीजबिलात युनिटला काय दर पडेल हे आधी विचारायलाच हवं.

पण थांबा. न विझणारा हा गुण फक्त घातक नाही, कामाचाही आहे.

कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार करतात. तो वर्षानुवर्षं गॅमा किरण देतो, साधारण सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. कॅन्सरच्या रुग्णांना शेक देणारी 'भाभाट्रॉन' यंत्रं त्यावर चालतात. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला त्याच किरणांचा हलका डोस देतात, म्हणजे कोंब फुटत नाहीत. आणि २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते याच अटीवर, की कोयीत राहणाऱ्या भुंग्याचा बंदोबस्त विकिरणाने करायचा. पहिल्या पेट्या लासलगावहूनच विकिरण होऊन गेल्या. कांदा-आंबा किरणोत्सारी होतो का? नाही. एक्स-रे काढल्यावर आपण होत नाही, तसंच.

पण कोबाल्टलाही बटण नसतं. २०१० मध्ये दिल्लीत वापरात नसलेलं एक विकिरण यंत्र लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते तोडलं. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काही जण भाजले, एकाचा जीव गेला. यंत्र कागदावर निकामी झालं होतं, आतला कोबाल्ट नाही.

राहता राहिलं वापरलेलं इंधन. ते बाहेर काढलं की आधी कित्येक वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवावं लागतं. हेच आपले राखेखालचे निखारे. भारत त्यातलं प्लुटोनियम आणि युरेनियम परत मिळवतो आणि उरलेला तीव्र कचरा काचेत वितळवून बंद करतो. तारापूरलाही हे काम होतं. त्यातला सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मा होतो. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. फिनलंडने त्यासाठी खडकात चारशे मीटरहून खोल भांडार खोदलंय. आपल्याकडे अजून असं कायमचं ठिकाण नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुझं मत काय? आहेत त्या भट्ट्या चालाव्यात, नीट चालाव्यात, असं मला वाटतं. देशाच्या विजेत त्यांचा वाटा सुमारे तीन टक्के आहे, आणि ती जागा कोळशाने भरावी असं मला अजिबात वाटत नाही. नवी भट्टी जिथे येईल तिथल्या लोकांना मात्र समुद्राच्या तापमानाचे, किरणोत्साराचे आणि खर्चाचे आकडे मराठीत, जमीन मोजायला माणसं येण्याआधी मिळाले पाहिजेत.

तुमच्यापैकी कुणी बोईसर-तारापूर परिसरात राहत असेल, पोफरण-अक्करपट्टीतून उठून नव्या वसाहतीत गेलेलं असेल, नाटे-माडबनचं असेल, तर खाली लिहा. किनाऱ्यावरच्या पाण्यात आणि मासळीत तुम्हाला काय फरक दिसला, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. पुढच्या व्हिडिओत केरळच्या काळ्या वाळूतलं थोरियम घेऊन येते.