गोरखगड उतरताना

[दृश्य: पहाट. देहरी गाव, मागे दोन सुळके.]

मुरबाड तालुक्यातलं देहरी. कल्याणहून मुरबाड, तिथून म्हसा आणि म्हशाच्या पुढे हे गाव. गावातून दोन सुळके दिसतात, धाकटा मच्छिंद्रगड आणि थोरला गोरखगड. मच्छिंद्रवर दोराशिवाय जाता येत नाही. गोरखवर दोर लागत नाही, म्हणून लोक त्याला सोपा समजतात.

उंची सुमारे 2100 फूट. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि उजाडताच निघा, कारण दुपारी कातळ तापला की त्यावर हात ठेववत नाही. सुरुवातीची वाट रानातून जाते. चढ दमवणारा आहे, पण वाट मळलेली आहे.

[दृश्य: कातळातल्या पायऱ्या, खालून.]

खरा गोरखगड इथून सुरू होतो. बसाल्टमध्ये खोदलेल्या या पायऱ्या सगळ्या सारख्या नाहीत. एखादी गुडघाभर उंच, एखादी झिजून नुसती खाच उरलेली. काठी इथे सॅकला बांधून टाका, दोन्ही हात मोकळे हवेत. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार पक्के झाल्यावरच चौथा हलवायचा.

[दृश्य: खोबणीत शिरणारी बोटं, अगदी जवळून.]

ही खोबणी बघा. चार बोटं मावतील एवढीच, पण आतली कड पेरांना बरोबर लागते. खोदणाऱ्याने माणसाचा हात कुठवर पोचतो हे ओळखून ती घेतली आहे. ती सोडून शेजारचं गवत धरू नका. फटीतल्या चिमूटभर मातीत रुजलेलं ते, भार पडला की मुळासकट हातात येतं.

पावसाळ्यात पायरीच्या खोलगट भागात पाणी साचतं, शेवाळ धरतं. त्यावर चांगला बूटही टिकत नाही. जून ते सप्टेंबर इथे येऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

दरवाजा ओलांडला की पाण्याची टाकी, मग खांबांची प्रशस्त गुहा. समोर चाफा, पुढे दरी आणि अंगावर आल्यासारखा मच्छिंद्र. सॅक इथेच ठेवा. माथ्याच्या पायऱ्या मोजक्या आहेत, पण सर्वांत उघड्या त्याच.

[दृश्य: माथा. महादेवाचं मंदिर, नंदी, सभोवार सह्याद्री.]

ईशान्येला नाणेघाट आणि जीवधन, पूर्वेला आहुपे घाट. दक्षिणेला सिद्धगड. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. हा डोंगर दिसला की त्यांचं नाव घ्यावंच.

[दृश्य: उतरणारी व्यक्ती, पाठ दरीकडे.]

आता उतरण. चूक बहुतेक वेळा इथे होते. दरीकडे तोंड करून उतरलं तर अरुंद पायरीवर फक्त टाच टेकते. पाठीवरची सॅक मागच्या पायरीला अडते आणि माणसाला पुढे ढकलते. म्हणून तोंड खडकाकडे, पोट कातळाजवळ, शिडी उतरतो तसं. खालची पायरी स्वतःला दिसत नाही, तेव्हा अनुभवी माणूस आधी खाली जातो, पडणाऱ्या दगडाच्या रेषेतून बाजूला उभा राहतो आणि सांगत राहतो: डावा पाय खाली, अजून थोडा, बसला. आता हात सोड.