जोडावर ठरणारी शर्यत

समोर आहे तो खेळण्यातील मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्याचा, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमधला जोड. नजरेला तो जवळजवळ जाणवत नाही, मात्र त्यावरून नख फिरवले की किंचित अडते, कारण पुढचा तुकडा मागच्यापेक्षा मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका वर राहिला आहे. इतक्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल; परंतु या रस्त्यावरून धावणारी मोटार १:६४ या प्रमाणातील आहे आणि त्या प्रमाणात ही उंची खऱ्या रस्त्यावरील सव्वा सेंटिमीटरच्या पायरीएवढी होते. भरधाव गाडीच्या चारही चाकांना अशी पायरी लागली की तिचा वेग घटतो, तोंड एका बाजूला वळते आणि ती कडेच्या भिंतीला घासत पुढे जाते.

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एक काका आणि त्यांची पुतणी धातूच्या छोट्या मोटारींसाठी शर्यतीचे रस्ते आखतात आणि थ्रीडी प्रिंटरवर छापतात. काका यंत्र अभियंता आहेत, पुतणी तंत्रनिकेतनात शिकते. "काका, गाडी पुन्हा इथंच अडून राहिली आहे ना," असे ती म्हणते, तेव्हा काकांचे उत्तर ठरलेले असते, "वरून ढकलू नको बेटा, आधी जोडावर नख फिरवून बघ."

या मोटारींची ओळख येथे थोडक्यात करून द्यायला हवी. जस्त मुख्य असलेला, त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेला झमॅक नावाचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरला जातो, आणि त्यातून मोटारीचा सांगाडा तयार होतो. लेस्नी या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्या बाजारात आणल्या. त्या हाताने ढकलण्यासाठी होत्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्स आल्या आणि या खेळण्याचे स्वरूपच पालटले, कारण त्यांच्या चाकांचे आस बारीक तारेचे होते, घर्षण कमी होते आणि उतारावर सोडल्यावर त्या आपल्या आपण लांबवर धावत. पुढच्याच वर्षी मॅचबॉक्सलाही सुपरफास्ट नावाने वेगवान चाके आणावी लागली. तेव्हापासून गाडीइतकाच रस्ता महत्त्वाचा झाला. मात्र तयार मिळणाऱ्या रस्त्याचा आकार उत्पादकाने ठरवलेला असतो, आणि स्वतःच्या मनातला घाट, स्वतःच्या मनातले वळण त्या खोक्यात कधीच सापडत नाही.

घरगुती थ्रीडी प्रिंटरमुळे ही अडचण दूर झाली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात ॲड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा खुला प्रकल्प सुरू केला, २००९ मध्ये वितळलेल्या प्लास्टिकच्या तारेचे थर रचण्याच्या मूळ पद्धतीचे पेटंट संपले आणि त्यानंतर ही यंत्रे सामान्य घरांत पोहोचू लागली. महालातील या खोलीतील यंत्राचा तळ २२० मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे. म्हणजेच कितीही मोठा रस्ता असला, तरी तो वीस-बावीस सेंटिमीटरच्या तुकड्यांतच जन्म घेतो. जोडांचा प्रश्न सुरू होतो तो इथूनच.

आखणीची सुरुवात संगणकावर नव्हे, कागदावर होते, आणि पहिला प्रश्न उंचीचा असतो. या गाडीला इंजिन नाही. तिच्याकडे जी काही ऊर्जा असते ती प्रारंभरेषेच्या उंचीतून आलेली असते. घर्षण विचारात न घेतल्यास एक मीटर उंचीवरून सुटलेली गाडी तळाशी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर वेगाने पोहोचते. हा वेग ६४ पट करून पाहिला तर तो ताशी हजार किलोमीटरच्या घरात जातो. म्हणूनच खऱ्या रस्त्याची हुबेहूब लहान प्रतिकृती येथे उपयोगाची नसते, कारण रस्ता लहान करता येतो, पण गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही.

वळणांचे गणित यावरच अवलंबून असते. समजा, चाळीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी सेकंदाला दोन मीटर वेगाने येत आहे. तिने बाहेरच्या भिंतीचा आधार न घेता वळावे, असे वाटत असेल तर रस्ता आतल्या बाजूला सुमारे ४५ अंशांनी कललेला हवा. मात्र सपाट रस्त्यावरून अचानक ४५ अंशांचा कल सुरू झाला, तर गाडीची पुढची चाके एका पातळीत आणि मागची दुसऱ्या पातळीत येतात, चारपैकी एक चाक अधांतरी राहते आणि गाडी वळणात शिरण्याआधीच तिचा तोल जातो. त्यावरचा उपाय रेल्वे अभियंत्यांनी फार पूर्वी शोधून ठेवला आहे. सरळ मार्ग आणि वर्तुळाकार वळण यांच्यामध्ये ते एक संक्रमण वक्र टाकतात, ज्यात वाक आणि बाहेरच्या रुळाची उंची दोन्ही हळूहळू वाढत जातात. नागपूरकरांना यासाठी फार दूर जायला नको. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात एकेकाळी सातपुड्याच्या डोंगराळ भागात धावलेल्या रेल्वेचा वारसा जपला आहे. त्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर असे, आणि डोंगरात तीव्र वळणे घेता यावीत हे ते अंतर अरुंद ठेवण्यामागचे एक मोठे कारण होते. खेळण्यातील रस्ता आखणाऱ्याने तिथे एक दुपार जरूर घालवावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता संगणकाकडे वळू. पुतणीने आधी रस्त्याचा आडवा छेद काढला आहे: तळपट्टी, दोन्ही बाजूंना बुटक्या भिंती आणि खाली जोडासाठी खाच. मग हा छेद तिने काढलेल्या वक्र रेषेवरून पुढे सरकवला जातो आणि संपूर्ण रस्ता घनरूपात उभा राहतो. रस्त्याची रुंदी तिने आपल्या संग्रहातील सर्वांत रुंद गाडी मोजून ठरवली आहे. मार्ग फार अरुंद झाला तर गाडी अडकते, आणि फार रुंद झाला तर ती दोन भिंतींमध्ये आपटत नागमोडी धावते. प्रत्येक आपटण्यात थोडा वेग जातो.

गोलाकार उलटफेरीची, म्हणजे ज्यात गाडी डोक्यावर उलटी होऊन पुन्हा खाली येते त्या लूपची गोष्ट थोडी निराळी आहे. शिखरावर गाडी खाली पडू नये, यासाठी प्रारंभरेषा लूपच्या तळापासून त्रिज्येच्या किमान अडीचपट उंचीवर हवी. पंधरा सेंटिमीटर त्रिज्येच्या लूपसाठी हा हिशेब साडेसदतीस सेंटिमीटर येतो, पण घर्षणाची वजावट धरून काका प्रारंभ त्याहून बराच वर ठेवतात. छपाईच्या वेळी लूप उभा न ठेवता कुशीवर आडवा ठेवला जातो, आणि यामागे विचार आहे. उभा छापला तर थरांच्या कडा गाडीच्या वाटेत आडव्या येतात आणि चाक प्रत्येक थरावर खडखडते. आडवा छापला तर थरांच्या रेषा गाडीच्या दिशेनेच धावतात आणि पृष्ठभाग चाकाला गुळगुळीत लागतो. एवढेच, की अशा वेळी वरच्या बाजूची भिंत हवेत तरंगते. तिच्या मुळाशी ४५ अंशांचा उतार दिला की खाली वेगळा आधार छापावा लागत नाही.

सध्या या खोलीत रामटेकच्या गडाची आठवण करून देणारा एक घाट आकार घेतो आहे. गडमंदिराच्या टेकडीवरून उतरणारा रस्ता हा त्यामागचा मूळ विचार. उपग्रह आणि अवकाशयान यांच्या मदतीने तयार झालेले भूभागाच्या उंचीचे नकाशे मोफत मिळतात, परंतु त्यांतील अनेकांत दोन नोंदींमधील अंतर सुमारे तीस मीटर असते. १:६४ प्रमाणात ते सत्तेचाळीस सेंटिमीटर होते. दोन नोंदींच्या मधेच अख्खे वळण हरवून जाते! त्यामुळे टेकडीचा ढोबळ आकार तेवढा नकाशावरून घेतला आहे, तोही पुष्कळ आक्रसून, आणि वळणे मात्र वर सांगितलेल्या गणिताने नव्याने आखली आहेत. वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली उड्डाणपूल, ज्याच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो धावते, तो करावा असा पुतणीचा आग्रह होता. पण १:६४ प्रमाणात तो सुमारे एकोणपन्नास मीटर भरतो, हे कळल्यावर त्याचा एकच गाळा करायचे ठरले आहे.

आता पुन्हा जोडाकडे येऊ, कारण या कलेतील सर्वांत मोठे शहाणपण तिथेच साठलेले आहे. तुकडे एकमेकांत बसावेत म्हणून सुतार लाकडात करतात तसा डोव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरत जाणाऱ्या खाचेचा जोड येथे वापरला आहे, आणि खाच व तिच्यात शिरणारी जीभ यांच्यामध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटरची मोकळीक ठेवली आहे. ती नसेल तर तुकडे ठोकून बसवावे लागतात, आणि जास्त असेल तर ते हलतात. छपाईतला पहिला थर गरम तळावर दाबला जाऊन किंचित बाहेर पसरतो, त्यामुळे खाचेच्या खालच्या कडेला बारीक छाट द्यावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी एकाच दिशेने धावणार असल्याने पुढचा तुकडा मागच्यापेक्षा केसभर खालीच ठेवायचा, त्याच्या भिंतींची तोंडे किंचित बाहेर फाकवायची. पायरी उतरताना चाकाला फारसे काही होत नाही. पायरी चढताना सगळे होते. अचूक समपातळीच्या मागे लागण्यापेक्षा चूक कोणत्या बाजूला होऊ द्यायची हे आधी ठरवणे, हा काकांचा दृष्टिकोन आम्हाला अतिशय मोलाचा वाटला.

नागपूरचे हवामान या कामात आपला वाटा उचलतेच. सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात बाहेरचे तापमान पंचेचाळीसच्या पुढे जाते, तेव्हा गच्चीवर उन्हात ठेवलेला किंवा बंद मोटारीत राहिलेला तुकडा त्या मर्यादेपर्यंत सहज पोहोचतो आणि सरळ रस्ता पापडासारखा वाकतो. म्हणून येथे सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तग धरणारे पीईटीजी वापरले जाते. दुसरी अडचण कूलरची. उन्हाळ्यात कूलरशिवाय घरात बसवत नाही, पण त्याचा झोत यंत्रावर आला की छापला जाणारा तुकडा एका बाजूने लवकर निवतो आणि त्याचे कोपरे तळावरून उचलले जातात. शिवाय त्या ओलसर हवेतले पाणी प्लास्टिकची तार शोषून घेते. ओली तार वितळताना बारीक चट् चट् आवाज येतो आणि तुकड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. यंत्राभोवती म्हणूनच पुठ्ठ्याचा आडोसा आहे, तारेची रिळे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवली जातात आणि पावसाळ्यात वापरण्यापूर्वी ती पासष्ट अंशांच्या आसपास काही तास वाळवली जातात.

वीस सेंटिमीटरचा एक सरळ तुकडा अंदाजे चाळीस ग्रॅमचा होतो. एक किलोच्या रिळात असे पंचवीस तुकडे, म्हणजे जेमतेम पाच मीटर रस्ता. त्यामुळे सरळ मार्ग छापणे हा आमच्या मते अपव्यय आहे. काका त्यासाठी वायरिंगच्या दुकानातील रुंद पीव्हीसी केसिंग पट्टी आणतात आणि फक्त तिला जोडणारे तुकडे छापतात; तिथे जोडही कमी येतात, हा दुहेरी लाभ. आजूबाजूची टेकडी सनबोर्डच्या थरांची आहे, आणि रस्त्याच्या कडेची माती, गवत, पांढरे पट्टे फ्लेक्स छापणाऱ्याकडून व्हिनाईलवर छापून घेतले आहेत.

चार मार्गिकांच्या शर्यतीत न्यायाचा प्रश्न येतो. शेजारच्या दोन मार्गिकांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर असेल, तर अर्ध्या वर्तुळाच्या एका वळणात आतल्या गाडीला बाहेरच्या शेजारणीपेक्षा १५.७ सेंटिमीटर कमी धावावे लागते. अंतिम रेषेवरचा अवरक्त किरणांचा संवेदक हा फरक हमखास पकडतो. त्यामुळे उजवीकडच्या प्रत्येक वळणाला तेवढेच डावीकडचे वळण द्यावे लागते, आणि शर्यतीच्या फेऱ्यांत प्रत्येक गाडी प्रत्येक मार्गिकेवरून धावेल अशी पाळी लावली जाते.

अंतिम रेषेपुढे गाडी थांबवायची कशी, याचे उत्तर या दोघांनी चढाच्या रूपात दिले आहे. रेषा ओलांडल्यावर रस्ता वर चढू लागतो, गाडी त्यावर जाते, मंदावते आणि मागे घसरू नये म्हणून लावलेल्या कापडी झालरीत विसावते. या चढाच्या भिंतीवर पुतणीने सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत. सुरुवातीला मिळालेल्या उंचीपैकी गाडी किती उंची परत मिळवते, ते या खुणांवर वाचता येते. उरलेली उंची वाटेतल्या वळणांनी, भिंतींनी आणि जोडांनी घेतलेली असते. एखादा तुकडा बदलला, एखादी कड पॉलिश कागदाने घासली, की तीच गाडी त्याच जागेवरून पुन्हा सोडली जाते आणि चढावरची खूण वहीत लिहिली जाते. खूण वर सरकली तर बदल कायम राहतो, खाली आली तर जुना तुकडा परत बसवला जातो.