पानाला पाजलेलं पोटॅश

नमस्कार श्रोतेहो. पानांवर खत फवारलं की झाडाचं नेमकं काय होतं, त्याबद्दल आज बोलू. उदाहरण घेऊ तंबाखूचं. तंबाखूत विकलं जातं ते पानच, तेव्हा पानावर मारलेलं पानातच दिसतं.

पानावर मेणाचा पातळ थर असतो. खताचं पाणी त्यातून आत झिरपतं, पण पान ओलं असेपर्यंतच. भर दुपारी फवारलंत तर पाणी उडून जातं, खत मागे उरतं आणि कडा करपतात. म्हणून सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. पुन्हा सांगतो, दुपारी नाही.

आता अण्णांची गोष्ट. अण्णा निपाणीकडचे. उभा जन्म तंबाखूच्या रानात गेला, आता ऐरोलीत लेकीकडे असतात, आमच्याच इमारतीत. गॅलरीत दोन मोठ्या कुंड्या, दोन्हींत तंबाखू. गॅलरीला काचा ठोकून तिचा हॉल करणाऱ्यांबद्दल मला फार बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.

अण्णांना पानांवर पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, फवारायचं होतं. जावई महाप्याच्या एका कारखान्यात केमिस्ट. ते म्हणाले, "अण्णा, पोटॅश म्हणजे पोटॅश. स्वस्तातलं घेऊ." अण्णा म्हणाले, "दोन्ही आणा की, जावईबापू."

एका झाडावर सल्फेट ऑफ पोटॅश. दुसऱ्यावर म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपलं लाल पोटॅश, तेही फडक्यातून गाळून, कारण त्याचा तांबडा गाळ पंपाच्या नोझलमध्ये अडकतो. दोन्ही लिटरला ५ ग्रॅम. अण्णांनी शेंडे खुडले, बगलेतले फुटवे काढले, आणि पानं हातभर झाली. समोरच्या काकूंनी विचारलंदेखील, "अळू छान आलंय हो, वडीला चार पानं द्याल?" अण्णा ओरडलेच! खाणं सोडाच, तंबाखूचं ओलं पान नुसतं हाताळत राहिलं तरी निकोटीन कातडीतून आत जातं, मळमळतं, गरगरतं.

जावई खूश. दोन्ही झाडं सारखीच जोमात होती. "बघा अण्णा, फरक दाखवा!" अण्णा गप्प. पानं खुडून दोरीवर वाळवली, आणि एका संध्याकाळी देवापुढची अगरबत्ती उचलून आणली.

सल्फेटच्या पानाला टोक टेकवलं. निखारा पानात शिरला आणि त्याची लाल रेघ सरकत सरकत पार शिरेपर्यंत गेली, मागे पांढुरकी राख. मग म्युरेटचं पान. काळा ठिपका पडला, थोडा धूर आला, विझलं. पुन्हा टेकवली. पुन्हा विझलं.

"क्लोराईड," जावईच पुटपुटले.

"ते काय आसंल ते," अण्णा म्हणाले, "पर ह्या पानाची विडी वढनाऱ्याची काडेपेटी संपंल."

तर श्रोतेहो, म्युरेटमधलं क्लोराईड तंबाखूच्या पानात साठतं आणि पान नीट जळू देत नाही. झाडाच्या वाढीकडे बघून ते कळत नाही. पोटॅशियम उलट जळायला मदत करतं. म्हणून तंबाखूला सल्फेट, म्युरेट नाही.

युरियाची तऱ्हा वेगळी. पान चटकन गडद हिरवं होतं, पण त्यातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, उशिरा पडलं तर पान वेळेवर पिकत नाही आणि निकोटीन वाढतं.

आणि फवारणीवर पीक पोसायचं म्हणाल, तर हिशेब ऐका. एकरी २०० लिटर पाणी, त्यात १ टक्का खत, म्हणजे झालं २ किलो. पिकाची भूक त्याच्या कितीतरी पट. मुळांतून द्यायचं ते द्यायलाच हवं, फवारणी त्याच्यावर. पुन्हा सांगतो, त्याच्यावर, त्याच्याऐवजी नाही. बाटलीवर 'दुप्पट वाढ' छापणाऱ्यांना एकदा हा गुणाकार करायला बसवलं पाहिजे.

तणनाशकाचा पंप मात्र खताला वापरू नका. टू-फोर-डी नावाच्या तणनाशकाचा जरासा अंश राहिला तरी तंबाखूची पानं पिळवटतात, तुमच्या गॅलरीतल्या टोमॅटोचीही. खताचा पंप वेगळाच ठेवा. नमस्कार.