जेम्स नदीच्या काठी

नमस्कार श्रोतेहो. गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे अमेरिकेला गेले, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलं होतं, मला जेम्सटाउन बघायचंय. व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठी १६०७ साली तीन जहाजांतून १०४ इंग्रज पुरुष आणि पोरं उतरली, ती ही जागा. आपल्याकडे सुरतेला इंग्रजांची वखार बसली १६१३ साली. म्हणजे हे त्याच्याही सहा वर्षं आधीचं.

त्यांचा तिकोनी कोट जेमतेम एकरभराचा. तो नदीनं कधीच गिळला, असंच लोक धरून चालले होते. १९९४ साली पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खणायला घेतलं आणि मातीत काळसर डाग सापडले, ओळीनं. कुजून गेलेल्या खांबांच्या त्या खुणा! आज त्याच जागी नवे खांब रोवलेत.

जमीन काही ओसाड नव्हती. पोहाटन या तिथल्या मूळ रहिवाशांची ती भूमी, आणि त्यांच्याच मक्यावर हे पाहुणे तगले. पुढं वैर वाढलं. १६०९च्या हिवाळ्यात पोहाटनांनी कोटाला वेढा घातला. आत तीनशेच्या आसपास माणसं होती, वसंतापर्यंत साठेक उरली.

तिथल्या संग्रहालयात एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आहे. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, संशोधकांनी तिला जेन म्हटलं. कपाळावर चार उथळ घाव, एकमेकांच्या अगदी जवळ. घालणाऱ्याचा हात कचरला होता, असं तज्ज्ञ सांगतात. भुकेल्यांनी तिला मेल्यावर खाल्लं होतं. त्या काचेपुढं मी किती वेळ उभी होते, मला सांगता यायचं नाही. चौदा वर्षांची माझी नात शेजारीच होती. मी तिचा हात धरून ठेवला.

कोटाबाहेर थोडं चालून गेलं की कॅप्टन पिअर्सच्या घराची जागा लागते. अंगोलातून पकडून आणलेली अँजेला त्याच्या घरी राबत होती. त्या घरी तिनं काय सोसलं असेल, ते तिच्या तोंडून कुणीच लिहून घेतलं नाही. १६२५च्या गणतीत तिची एवढीच ओळ आहे: अँजेलो, नीग्रो बाई, ट्रेझरर जहाजातून. नावसुद्धा धड लिहिलेलं नाही.

मी ती ओळ तिथं मोठ्यानं वाचली. मग नातीनं वाचली, आणि ‘अँजेलो’च्या जागी ‘अँजेला’ म्हणाली.