सतराला एक्कावन्न

[मोटरची पाटी, जवळून]

पाटीवर 1440 लिहिलंय, म्हणजे मिनिटाला 1440 फेरे. 50 हर्ट्झवर चालणारी, चार पोलची, एक अश्वशक्तीची ही इंडक्शन मोटर. हिशेबानं निघणारे 1500 फेरे ती भाराखाली कधीच गाठत नाही, म्हणून गणित पाटीवरच्या आकड्यापासून धरायचं. या मोटरनं चेन लावून एक यंत्र चालवायचंय, आणि त्याचा शाफ्ट मिनिटाला 480 फेरे फिरायला हवा. 1440 भागिले 480, उत्तर 3. इथवर कुणालाही जमतं.

आता ही तीन पट स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांच्या, दात्यांत बसवायची: लहान चाक मोटरवर, मोठं यंत्रावर. 9 आणि 27 घेतले तरी तीन, 17 आणि 51 घेतले तरी तीन, 25 आणि 75 घेतले तरी तीनच. कागदावर तिन्ही जोड्या सारख्या. चेनला मात्र तसं वाटत नाही.

[9 दात्यांचं स्प्रॉकेट, संथ गतीत]

नीट बघा. चेन गोलावरून नाही, बहुकोनावरून जातेय. कडी वाकत नाही, ती फक्त पिनीपाशी वळते. त्यामुळे मोटर एकसारखी फिरत असली, तरी चेनचा वेग दर दात्याला थोडा वाढतो, थोडा पडतो. 9 दात्यांवर हा फरक सुमारे 6 टक्के, 17 वर 1.7 टक्के, 25 वर एका टक्क्याच्याही आत. खडखडाट येतो तो इथूनच. शिवाय 9 दात्यांवर प्रत्येक कडीला 40 अंश वळावं लागतं, 17 वर 21. पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजतात ते या वळण्यात.

ओढीचंही तसंच. अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर पिचची (लगतच्या दोन पिनींमधल्या अंतराची) चेन 17 दात्यांवर चालवली तर तिच्यावर साधारण 144 न्यूटन ओढ येते. मोटर तीच ठेवून 9 दाते लावले की 272. लहान स्प्रॉकेट स्वस्त पडतं, पण उरलेली किंमत चेन भरते.

मग 25 आणि 75 का नको? 75 दात्यांच्या चाकाचा व्यास 30 सेंटिमीटरच्या वर जातो; 51 दात्यांचं एकवीसात भागतं. जागा असेल तर खुशाल घ्या, चेन जास्त शांत चालेल. हातानं फिरवायच्या संथ कामाला 13 दातेही चालून जातात. 1440 फेऱ्यांच्या शाफ्टवर मात्र 17 च्या खाली उतरू नये.

[दोन शाफ्टमधलं अंतर मोजताना]

अंतर 30 ते 50 पिच ठेवावं. इथे 508 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 40 पिच. कड्या मोजायच्या त्या अशा. 40 ची दुप्पट 80. 17 आणि 51 ची सरासरी 34. दोन्हींतला फरकही 34 च, त्याला 6.28 नं भागायचं, आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा आणि तो 40 नं भागायचा: 0.73. एकूण 114.73.

पाऊण कडी मिळत नाही, आणि 115 घेऊ नका. कड्या विषम झाल्या की चेन जोडायला वाकड्या पट्ट्यांची ऑफसेट कडी लागते, आणि सगळ्या चेनमध्ये कमजोर तीच. म्हणून 116. दोन्ही शाफ्ट त्यामुळे साधारण 8 मिलिमीटरनं लांब जातील, तेव्हा मोटरच्या बैठकीला गोल भोकं न पाडता लांबट खाचा ठेवा.

116 आणि 17 यांना एकाही संख्येनं एकत्र भाग जात नाही, 116 आणि 51 यांनाही नाही. त्यामुळे प्रत्येक दाता प्रत्येक कडीला पाळीपाळीनं भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. गिअरला गिअर थेट लागतो तिथे नेमका तिप्पट आकडा टाळतात. चेनमध्ये बघायचं ते दाते आणि कड्या यांचं नातं.

लहान चाकावर चेननं किमान 120 अंश वेढा घ्यायला हवा. इथे तो 165 च्या आसपास आहे. सात पटीच्या पुढे एकाच टप्प्याचा हट्ट सोडावा. नऊ पट हवी असेल तर तीन-तीन पटीचे दोन टप्पे.

[बसवणी]

दोन्ही स्प्रॉकेटच्या बाजूला सरळ पट्टी टेकवा. मध्ये फट दिसली तर दाते एका कडेनं खाल्ले जातात. सैल बाजू खाली ठेवा. बोटानं दाबल्यावर ती वरखाली मिळून साधारण 20 मिलिमीटर हलायला हवी. घट्ट ताणलेली चेन बेअरिंग खाते. जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. उलट बसवली तर अडकून निसटते.

[चेनवर मोजपट्टी]

चेन ताणली गेली असं म्हणतात, पण ताणलं काहीच जात नाही, पिनी झिजतात. नव्या चेनच्या 10 कड्या 127 मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरा आणि मोजा. 131 भरल्या की ती उतरवा, आणि दात्यांची टोकं हुकासारखी वळली असतील तर स्प्रॉकेटही सोबतच बदला.