पणजोबा खरंच आर्मीचे स्काउट होते का? कागद कुठे शोधायचे

नमस्कार. अमेरिकन घरात सून किंवा जावई म्हणून गेलात, तर जेवणाच्या टेबलावर कधीतरी ऐकू येईल, "आमचे खापरपणजोबा आर्मीचे स्काउट होते, कस्टरबरोबर होते!" स्काउट म्हणजे फौजेला वाट दाखवणारा टेहळ्या, आणि कस्टर म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन घोडदळाचा प्रसिद्ध अधिकारी. आज याची शहानिशा कशी करायची ते पाहू.

पराक्रम जरा बाजूला ठेवा. आधी विचारा, पगार कोण देत होतं?

लष्करात भरती झालेल्यांची नोंदवही म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्जची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराची, एम २३३ मायक्रोफिल्म. १८६६ च्या कायद्यानुसार घेतलेले मूलनिवासी स्काउटही त्यातच आहेत, पण वेगळ्या खंडांत. त्यांच्या भरतीची मुदत थोड्या महिन्यांची असे, त्यामुळे एकाच माणसाच्या चार-पाच नोंदी दिसल्या तर गोंधळू नका.

गोरे स्काउट मात्र बहुतेक मुलकी नोकर. क्वार्टरमास्टर खातं, म्हणजे लष्कराचं रसद-पुरवठा खातं, त्यांना महिन्याच्या पगारावर ठेवायचं. एम २३३ मध्ये नाव नाही, म्हणून पणजोबांना थापाड्या ठरवायची घाई नको.

यांचा माग पोस्ट रिटर्नमधून काढायचा, म्हणजे फोर्टच्या मासिक तक्त्यातून. ही एम ६१७ मालिका फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. फोर्ट आणि वर्ष धरून तो महिना उघडा. स्काउटचं नाव तिथे बहुधा नसेल, पण अधिकाऱ्यांची नावं आणि कामं असतात. क्वार्टरमास्टरचं काम कोणाकडे होतं, ते टिपून घ्या. ते नाव घेऊन नॅशनल आर्काइव्ह्जच्या रेकॉर्ड ग्रुप ९२ मधले, नोकरीवर घेतलेल्या माणसांचे अहवाल मागवा. त्यात नाव, हुद्दा, पगार, तारखा, सगळं सापडतं.

हा मुलकीपणा किती आडवा येतो बघा. बफेलो बिल कोडी या नामांकित स्काउटला १८७२ मध्ये मेडल ऑफ ऑनर हे लष्करी शौर्यपदक मिळालं आणि १९१७ मध्ये ते रद्द झालं, कारण तो भरती झालेला सैनिक नव्हता. १९८९ मध्ये ते परत बहाल झालं.

आता लिटल बिगहॉर्नची लढाई, २५ जून १८७६. मूलनिवासी योद्ध्यांशी झालेल्या या लढाईत कस्टर आणि त्याच्यासोबतची तुकडी मारली गेली. "त्यातून मी एकटाच वाचलो" म्हणणारे पुढे डझनावारी निघाले. सातव्या कॅव्हलरीच्या बारा कंपन्यांपैकी कस्टरसोबत पाचच होत्या, रेनो आणि बेंटीन या दुसऱ्या अधिकाऱ्यांकडचे बरेच जण जगले. म्हणून कंपनी कोणती, ते हजेरीपटात बघा. आणि जन्मसाल जनगणनेत तपासा. १८७६ मध्ये आठ वर्षांचा पोरगा स्काउट कसा असेल?

वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखाला फार वजन देऊ नका, मजकूर बहुधा घरच्यांनीच सांगितलेला असतो. त्यापेक्षा टी ३१८ या पेन्शन-सूचीत नाव शोधा. फाइल असेल, तर सोबत्यांची शपथपत्रं मिळण्याची शक्यता आहे.